दोन कॉइल, एक मोटर, एक पेन: हाताने बनवलेल्या टॅटू मशीनच्या नोंदी

या नोंदी काम चालू असतानाच वहीत लिहिल्या होत्या. इथे उतरवताना भाषा थोडी नीट केली, पण चुका आहेत तशाच ठेवल्या. तीन मशीन बनवायची ठरवली होती: मोटरवर चालणारं रोटरी, कॉइलचं (तारेच्या वेढ्यांच्या चुंबकावर चालणारं) आणि कार्ट्रिज, म्हणजे आत सुई असलेली बदलता येणारी नळी, लावायचं पेन. सगळ्या चाचण्या कागदावर आणि सिलिकॉनच्या सराव-कातडीवर घेतल्या, माणसाच्या अंगावर एकही नाही. असं का, ते जानेवारीच्या नोंदींत आलंच आहे.

९ नोव्हेंबर

रोटरीपासून सुरुवात, कारण तिच्यात भाग सगळ्यात कमी. एक मोटर, तिच्या दांड्यावर केंद्रापासून थोडी बाजूला सरकवलेली खुंटी आणि त्या खुंटीत अडकवलेली सुईची दांडी. मोटर फिरली की खुंटी गोल फिरते आणि सुई वरखाली होते.

बंद पडलेल्या कॅसेट प्लेअरची मोटर काढली. ९ व्होल्ट दिले, मोटर छान फिरली. १२ दिले, वेग तेवढाच. ६ दिले, तरी तेवढाच. दोन तास वायरिंग तपासत बसले, दोष वायरिंगमध्ये नव्हताच. कॅसेटची मोटर मुद्दाम एकाच वेगाने फिरावी म्हणून तिच्या पोटात वेग बांधून ठेवणारं छोटं सर्किट असतं. माझ्या मोटरीवर २४०० फेरे असं छापलेलंच होतं. मिनिटाला २४०० म्हणजे सेकंदाला ४०, म्हणजे सुईचे ठोके ४०. काम करायला किमान ८० ते १०० लागतात. मोटरीवरचा आकडा आधी वाचला असता तर हे दोन तास वाचले असते.

१२ नोव्हेंबर

मोटरीचं मागचं झाकण उघडलं, सर्किट काढून टाकलं आणि तारा थेट ब्रशना जोडल्या. आता व्होल्टेजप्रमाणे वेग बदलतो. मोकळी फिरवली तर ९ व्होल्टला सेकंदाला ११० फेरे.

वेग मोजायला फोन पुरतो. मशीनचा आवाज रेकॉर्ड करायचा, आवाजाचा आलेख दाखवणाऱ्या ॲपमध्ये उघडायचा आणि सगळ्यात खालचा ठळक उंचवटा किती हर्ट्झवर आहे ते पाहायचं. तेवढेच सेकंदाचे ठोके.

आजची मोठी चूक स्ट्रोकच्या हिशेबात झाली. सुईचा प्रवास ३.५ मिमी हवा होता, म्हणून खुंटीचं भोक केंद्रापासून ३.५ मिमीवर पाडलं. खुंटी वर ३.५ जाते आणि खालीही ३.५ येते, त्यामुळे प्रवास झाला ७ मिमी. सुई टीपमधून, म्हणजे ती जिथून बाहेर येते त्या नळीच्या टोकातून, पूर्ण बाहेर पडून वाकली. भोक केंद्रापासून अर्ध्या अंतरावर हवं: ३.५ च्या स्ट्रोकला १.७५. पितळेची चकती परत कापली. लेथ नसल्यामुळे केंद्र काढायलाच एक संध्याकाळ गेली.

१६ नोव्हेंबर

मशीन चालतं, रेषा मात्र घाण येते. सराव-कातडीवर ३ सुयांच्या लायनरने (रेघा काढायच्या सुयांच्या गुच्छाने) एक सरळ रेघ ओढली आणि भिंगाखाली पाहिली. रेघेची एक कड स्वच्छ आहे, दुसरी करवतीसारखी.

कारण डोळ्यांना दिसतं. खुंटी गोल फिरते म्हणजे दांडीचं वरचं टोक नुसतं वरखाली जात नाही, डावीउजवीकडेही जातं. ते डोलणं दांडीच्या टोकापर्यंत उतरतं आणि सुई कातडीत शिरताना बाजूला सरकते. दांडीला रबरबँड लावून ती ट्यूबच्या एका भिंतीला टेकवून ठेवली. डोलणं निम्म्यावर आलं, गेलं नाही. रबरबँड घट्ट केला तर मोटर ८४ ठोक्यांवर उतरली. रबर सुईला सरळ ठेवतं आणि मोटरीला थकवतं. मधला मार्ग शोधण्यात वेळ घालवू नका, रचनाच बदला.

२३ नोव्हेंबर

बदलली. खुंटीवर आता छोटं बेअरिंग आहे, बाहेरचा व्यास ८ मिमी, भोक ३ मिमी. ते एका पितळी सरकपट्टीच्या आडव्या खाचेत फिरतं. सरकपट्टी दोन उभ्या पिनांवर फक्त वरखाली जाऊ शकते. खुंटीची डावीउजवी हालचाल खाचेतच जिरते आणि दांडीकडे फक्त उभी हालचाल पोचते.

इथे एक गोष्ट तीनदा चुकून शिकले. खाच मी बेअरिंगच्या मापाची, बरोबर ८ मिमीची केली. घट्ट बसली म्हणून आनंद झाला, पण चालू केल्यावर पट्टी गरम झाली आणि मोटर गुरगुरली. बेअरिंगची बाहेरची कडी खाचेच्या वरच्या भिंतीलाही टेकत होती आणि खालच्याही. वरच्या भिंतीवर लोळायचं तर तिला एका दिशेने फिरावं लागतं, खालच्या भिंतीवर लोळायचं तर उलट दिशेने. दोन्ही एकदम होत नाही, म्हणून ती लोळण्याऐवजी घासत राहते. खाच पॉलिश पेपरने जेमतेम ८.०५ केली आणि गुरगुर थांबली. पुढच्या पट्टीत हात सैल पडला, खाच ८.२ झाली आणि मशीन खडखडू लागलं. तिसरी पट्टी ८.०६ वर थांबवली. तीच आजही चालते आहे.

रेघ आता दोन्ही कडांनी स्वच्छ येते. एक उणीव राहिली: या मशीनला लवचिकता नाही. खुंटी खाली आली की सुई खाली जाणारच, समोरची कातडी मऊ असो की ताणलेली. उतरत्या छटा काढताना हे जाणवतं.

१ डिसेंबर

कॉइलचं मशीन सुरू केलं. ज्यांनी कधी उघडून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी एवढंच: दोन विद्युतचुंबक शेजारी उभे असतात. त्यांच्यावर लोखंडी पट्टी म्हणजे आर्मेचर बार, मागच्या स्प्रिंगवर अधांतरी धरलेला. बारवरची पुढची स्प्रिंग वरच्या स्क्रूला टेकलेली. वीज स्क्रूमधून स्प्रिंगमध्ये, तिथून फ्रेममार्गे कॉइलमध्ये जाते. चुंबक बारला खाली खेचतो, बार खाली गेला की स्प्रिंग स्क्रूपासून सुटते, वीज तुटते, चुंबक सोडतो आणि मागची स्प्रिंग बारला वर आणते. परत संपर्क, परत ओढ. जुन्या दारघंटीत हेच चालतं.

गाभा ८ मिमी व्यासाचा, ३२ मिमी लांब. तार ०.५ मिमीची, इनॅमल चढवलेली. एका थरात ५७ वेढे, आठ थर, म्हणजे सुमारे ४५० वेढे. एका कॉइलला १८ मीटर तार लागली.

पहिली जोडी हाताने गुंडाळली आणि फेकावी लागली. चौथ्या थरानंतर वेढे एकमेकांवर चढले. त्याहून वाईट म्हणजे गाभ्याच्या कडेला तारेचं इनॅमल खरवडलं गेलं आणि तार गाभ्यालाच चिकटली. मल्टिमीटरचं एक टोक तारेला आणि दुसरं गाभ्याला लावलं की काही लागता कामा नये. माझ्याकडे २ ओम दाखवत होता. ३६ मीटर तार आणि पाच तास वाया.

दुसऱ्या वेळी गाभ्यावर आधी कागदी टेपचे दोन वेढे दिले, कडा कानशीने गोल केल्या आणि गाभा हातड्रिलमध्ये धरून सावकाश फिरवला. प्रत्येक थरावर पातळ टेप. आता एका कॉइलचा रोध १.५ ओम आणि दोन्हींचा मिळून ३.१.

६ डिसेंबर

जोडलं, ८ व्होल्ट दिले. बार जागचा हलत नाही. बोटाने दाबला तर किंचित ओढ लागते, बस्स.

आधी वाटलं वीज पुरत नाही. वापरत होते तो ॲडाप्टर १ अँपिअरचा होता आणि तो खरंच धाप टाकत होता, म्हणून ३ अँपिअरचा घेतला. तरी तेच. मग होकायंत्र आणलं. पुढच्या कॉइलच्या माथ्यावर धरलं, सुईचं उत्तर टोक आत ओढलं गेलं. मागच्या कॉइलवर धरलं, परत उत्तर टोकच. दोन्ही माथ्यांवर एकच ध्रुव होता, म्हणजे दोन्ही चुंबक एकमेकांच्या विरोधात काम करत होते. एक उत्तर आणि एक दक्षिण असेल तरच चुंबकाचा प्रवाह एका गाभ्यातून वर, बारमधून पलीकडे, दुसऱ्या गाभ्यातून खाली असा पूर्ण फिरतो. एका कॉइलच्या दोन्ही तारांची अदलाबदल केली. ओढ वाढली.

पण पुरेशी नाही. दुसरा दोष पहिल्यामागे दडला होता: फ्रेम ॲल्युमिनियमची. दोन गाभ्यांना खालून जोडणारं लोखंडच नव्हतं, त्यामुळे तो फेरा खालच्या बाजूला उघडाच राहत होता. दोन्ही गाभ्यांखाली ५ मिमी जाड नरम लोखंडाची आडवी पट्टी टाकली आणि बार असा खटकन बसला की दचकायला झालं. लोखंडी फ्रेमवर काम करणाऱ्याला ही अडचण इतकी छळत नाही. ॲल्युमिनियम हलकं म्हणून निवडलंत तर ही पट्टी विसरू नका.

८ डिसेंबर

आजच्या तारखेला थोडं थांबायलाच हवं. ८ डिसेंबर १८९१ रोजी न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायलीला विजेच्या टॅटू मशीनचं पेटंट मिळालं, क्रमांक ४६४८०१. त्याने आधार घेतला होता एडिसनच्या विजेच्या पेनाचा. १८७६ मध्ये पेटंट झालेलं ते पेन कागदाला बारीक भोकं पाडून प्रती काढण्यासाठी होतं आणि त्याच्या डोक्यावर छोटी मोटर होती. न्यूयॉर्कच्याच चार्ली वॅग्नरचं पेटंट १९०४ चं, विद्युतचुंबकाचं. आजच्या कॉइल मशीनच्या फार जवळ जाणारं पर्सी वॉटर्सचं पेटंट १९२९ चं. रोटरी म्हणजे नवीन आणि कॉइल म्हणजे जुनं असं सर्रास ऐकू येतं. पेटंटच्या क्रमाने पाहिलं तर मोटरच आधी आहे.

आज काम काही केलं नाही. वरच्या स्क्रूचे आटे बिघडले होते, तेवढे परत पाडले.

१३ डिसेंबर

बार खाली बसतो आणि वर यायला आळस करतो. ठोके ६० च्या वर जात नाहीत आणि आवाज चिकट येतो. वीज पूर्ण काढून बार गाभ्यावर ठेवला तर तो हलकासा चिकटून राहतो. म्हणजे वीज गेल्यावरही गाभ्यात चुंबकत्व उरतं.

चूक गाभ्यात होती. मी ते ८.८ छापलेल्या बोल्टमधून कापले होते. तो कडक पोलादाचा बोल्ट, आणि कडक पोलाद चुंबकत्व धरून ठेवतं. इथे हवं असतं नरम लोखंड, जे वीज येताच चुंबक होतं आणि जाताच सोडून देतं.

साध्या नरम लोखंडी सळीचे नवे गाभे कापले. ते लाल होईपर्यंत तापवले आणि राखेत पुरून रात्रभर सावकाश निवू दिले. सकाळी काढले तेव्हा वर काळी खपली होती, ती घासून टाकली. कॉइल परत गुंडाळायला लागल्या. तिसऱ्यांदा. हात आता सरावला होता, दोन्ही मिळून सव्वा तास.

चिकटणं संपलं. ठोके एकदम ९५.

आणखी एक बारीक गोष्ट. बार खाली येताना मागच्या गाभ्यावर आधी आदळत होता आणि पुढचं टोक अर्ध्यावर अडत होतं. पुढच्या गाभ्याखाली शिम, म्हणजे उंची वाढवणारी पातळ लोखंडी चकती टाकली. आता तो पुढच्या गाभ्यावर सपाट बसतो.

२० डिसेंबर

हा आठवडा स्प्रिंगमध्ये गेला. सगळ्यात जास्त मी इथेच शिकले.

सुईला खाली कोण नेतं यावरच सगळी चर्चा होते: किती वेढे, किती व्होल्ट, कुठली मोटर. वर कोण आणतं ते कुणी बोलत नाही. रोटरीत खुंटीच खाली नेते आणि खुंटीच वर आणते, सुईला स्वतःचं मत नाही. कॉइलमध्ये चुंबक फक्त खाली ओढतो, वर आणण्याचं सगळं काम स्प्रिंगचं. म्हणून कॉइल मशीनचा स्वभाव स्प्रिंगमध्ये असतो. वेग, मऊपणा, आवाज सगळं तिथून येतं.

स्प्रिंगच्या पट्ट्या मी फीलर गेजच्या (फट मोजायच्या पातळ पोलादी पात्यांच्या संचाच्या) पात्यांतून कापल्या. मागची ०.४५ मिमी, पुढची ०.४ मिमी. पातं कडक असल्यामुळे भोक पाडणं हीच खरी लढाई. तीन ड्रिल बिट मोडले. मग कुठेतरी वाचलेला सल्ला मानला आणि भोकाची जागा गॅसवर तापवून नरम केली. भोक लोण्यासारखं पडलं, पण उष्णता पसरून वाकणाची जागाही निळी पडली आणि स्प्रिंगचा ताठपणा गेला. दहा मिनिटं चालून ती वाकली ती वाकलीच. हा सल्ला कुणी दिला तर घेऊ नका.

शेवटी जमलं ते असं: पातं दोन जाड लोखंडी पट्ट्यांमध्ये घट्ट आवळायचं, वरच्या पट्टीत आधीच पाडलेल्या भोकातून कार्बाइडचं बिट सावकाश उतरवायचं, थेंबभर तेल टाकत. पातं हलत नाही आणि बिट सरकत नाही.

पुढच्या स्प्रिंगला साधारण १५ अंशांचा वर जाणारा बाक दिला. बाक धारदार कोनात देऊ नका, गोल सळीवर दाबून द्या.

२७ डिसेंबर

संपर्काच्या जागी निळी ठिणगी. एका तासात पितळी स्क्रूचं टोक काळं पडून खड्डा झाला, ठोके अडखळायला लागले.

कॉइलमधली वीज एकदम तोडली की ती थांबायला तयार नसते, मिळेल त्या फटीतून उडी मारते. तिला जायला जागा हवी म्हणून स्क्रू आणि फ्रेम यांच्यामध्ये, म्हणजे उघडझाप होणाऱ्या संपर्काच्या दोन बाजूंना, ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा भाग) लावला. ठिणगी मावळली. व्होल्टेजची मर्यादा १६ ची निवडली होती, ती कमी पडली. संपर्क तुटताना क्षणभर व्होल्टेज पुरवठ्याच्या बरंच वर जातं. आता ५० ची वापरते.

मग अपघात झाला. माझ्या क्लिपकॉर्डची, म्हणजे मशीनला वीज देणाऱ्या वायरची, दोन टोकं सारखीच दिसतात. उलटी लावली गेली. मशीन तसंच चालतं, कारण कॉइलला दिशेशी देणंघेणं नाही. कपॅसिटरला आहे. तो चार मिनिटांत तापला, फुगला आणि फुटला, तोंडापासून वीतभर अंतरावर. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून निभावलं. तेव्हापासून मशीनवर आणि कॉर्डवर लाल रंगाची खूण आहे आणि चष्म्याशिवाय चाचणी नाही.

स्क्रूच्या टोकाला चांदीच्या तारेचा तुकडा डागला. चांदी काळी पडली तरी वीज वाहू देते. जुन्या रिलेमधली (विजेवर उघडझाप होणाऱ्या स्विचमधली) टोकं काढून वापरायचा मोह मला झाला होता, पण त्यांत कॅडमियम असू शकतं आणि ती कानशीने घासली की भुकटी नाकात जाते. शुद्ध चांदीची तारच घ्या.

३ जानेवारी

एकाच फ्रेमवर दोन स्वभाव बसवून पाहिले.

लायनर (रेघांसाठी): पुढची स्प्रिंग आखूड, कपॅसिटर २२. बार गाभ्यापर्यंत दाबला की स्प्रिंग आणि स्क्रू यांच्यात फट १.५ मिमी. ठोके १२५. सुई भराभर जाते, रेघ सलग येते.

शेडर (छटांसाठी): स्प्रिंग लांब, कपॅसिटर ४७, फट २.२ मिमी. ठोके ९०. आवाज जाड. कातडीवर टेकवलं की आवाज किंचित खाली उतरतो, आणि हाताच्या आधी कानाला कळतं की दाब जास्त झाला.

फट बदलली की संपर्क किती वेळ जुळलेला राहतो तेही बदलतं. मल्टिमीटरवर टक्केवारी दाखवणारी सोय असेल तर ती ५० च्या आसपास ठेवा. माझी एकदा ७० वर गेली होती: कॉइल अर्ध्या तासात हात लावता येणार नाही इतक्या तापल्या.

११ जानेवारी

पेन. सरळ नळीत मोटर, पुढे छोटा कॅम (गोल फिरण्याचं पुढेमागे ढकलणं करणारा भाग), त्याच्यापुढे ढकलदांडी. दांडी कार्ट्रिजमधल्या सुईला जोडलेली नसते, फक्त मागून ढकलते. मग वर कोण आणतं? कार्ट्रिजच्या आतला रबरी पडदा. ताणला गेलेला पडदा आखडतो आणि सुईला मागे घेतो.

बनवायला सर्वांत सोपं हेच निघालं, नऊ तासांत चालू झालं. पण रेघेत मध्येच टिंबं गायब. फोनवर २४० चित्रांच्या वेगाने चित्रण केलं, तर सुई संथपणे तरंगताना दिसली. तो भास होता. सेकंदाला १०० ठोके आणि २४० चित्रं म्हणजे एका ठोक्याला जेमतेम अडीच चित्रं, त्यातून खरं काही कळत नाही.

मग कागदाची पट्टी एका सावकाश फिरणाऱ्या गिअरमोटरला बांधली, सेकंदाला १० सेंटिमीटर ओढली जाईल अशी, आणि वर पेन स्थिर धरलं. १०० ठोक्यांना टिंबं बरोबर मिलिमीटरवर पडायला हवीत. ७० ठोक्यांपर्यंत पडली, अंतरं अगदी सारखी. ९० ला प्रत्येक पाचसहा टिंबांनंतर एक फिकं. ११० ला तिसरं-चौथं टिंब पुसटही नाही. सुई पूर्ण मागे येण्याआधीच दांडी पुन्हा खाली येत होती. मोटर ११० म्हणत होती आणि सुईचा प्रवास अर्धवट राहत होता.

ताठ पडद्याचं कार्ट्रिज लावलं तर टिंबं परत आली, पण मोटर ९ ठोक्यांनी मंदावली. पडद्याचा ताण आणि मोटरीची ताकद यांची जोडी लावावी लागते. सैल पडद्यावर वेग वाढवून उपयोग नाही.

१८ जानेवारी

बारा वर्षं टॅटूचं काम करणाऱ्या एका मित्राला तिन्ही मशीन सराव-कातडीवर चालवायला दिली. रोटरी आणि पेन त्याला हलकी वाटली. कॉइलचं वजन २४० ग्रॅम, पेनाचं १३०. तरी छटा काढताना त्याने कॉइलच हातात ठेवली. म्हणाला, "अगं, हे ऐकतं. जोर दिला की मागे सरतं."

मग त्याने पेन उघडून बघायला सांगितलं. त्या दिवशी एका कार्ट्रिजला आत पडदा नव्हता, नुसती स्प्रिंग होती. चाळीस मिनिटांच्या वापरानंतर ढकलदांडीवर शाई होती, आणि दांडीच्या मागे कॅमवरही. कापसाची काडी आत फिरवली तर ती काळी झाली. सराव-कातडीवर ती फक्त शाई होती. माणसाच्या कातडीवर तिच्यासोबत रक्त असतं, आणि पुढचं कार्ट्रिज कितीही निर्जंतुक असलं तरी ते याच दांडीवर बसलं असतं. हिपॅटायटिस बी आणि सी असे पसरतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या थेंबांतून.

२५ जानेवारी

त्यानंतर आठवडाभर या मशीनकडे वेगळ्या नजरेने पाहते आहे. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात) १२१ अंशांवर १५ मिनिटं टिकेल असा माझ्या मशीनचा एकच भाग आहे: स्टीलची ग्रिप, म्हणजे हातात धरायची नळी. कॉइल, मोटर, कपॅसिटर आत घालताच येत नाहीत. माझ्या सरकपट्टीच्या खाचेत, बेअरिंगमध्ये, उघड्या स्प्रिंगखाली काहीही जाऊन बसू शकतं आणि ते पुसून निघणार नाही. पेनात पडद्याची कार्ट्रिजच वापरायची, मशीन आणि कॉर्ड दोन्हींवर प्लास्टिकचं वेष्टण, सुया एकदाच वापरायच्या हे सगळं करूनही, मी बनवलेलं मशीन मी कुणाच्या अंगाला लावणार नाही. बनवणं आणि समजून घेणं वेगळं, दुसऱ्याच्या रक्ताची जबाबदारी घेणं वेगळं. ज्यांना खरंच हे काम करायचं आहे त्यांनी अनुभवी माणसाकडे शिकावं आणि स्वच्छ करता येईल असंच मशीन घ्यावं.

तासांचा हिशेब कुणीतरी विचारेल म्हणून: रोटरी १९, पेन १४, कॉइल ६४. कॉइलच्या ६४ पैकी जवळजवळ ४० चुका दुरुस्त करण्यात गेले. वाया गेलेला माल: ३६ मीटर तार, पाच ड्रिल बिट, तीन कपॅसिटर, फीलर गेजचा एक पूर्ण संच.

१ फेब्रुवारी

शेडर सराव-कातडीवर एकूण ४१ तास चालून आज बंद पडलं. मागची स्प्रिंग तुटली. ९० ठोक्यांच्या हिशेबाने ती सुमारे १ कोटी ३० लाख वेळा वाकली होती.

तुटलेला तुकडा भिंगाखाली धरला. तडा वाकणाच्या जागेपासून निघेल असं वाटलं होतं, पण तो भोकाच्या कडेपासून निघाला आहे. भोक पाडल्यावर उरलेली बारीक कड मी काढली नव्हती आणि पात्याच्या बाजूंवर कानशीचे ओरखडे आडवे होते. तडा त्यांतल्याच एका ओरखड्याला धरून पुढे गेला आहे, सरळ रेषेत.

नवी पट्टी कापली. भोकाच्या दोन्ही कडा हाताने फिरवून बोथट केल्या. बाजू आता १००० च्या पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने घासते आहे, आडवा हात एकदाही न नेता. बाक उद्या देणार.